काळीतली पांढरी

गंगवाल स्टँडवरून सातची बस,
देपालपूरच्या अलीकडे उतरायचं,
मग बांधाबांधाने अर्धा कोस.
पिशवीत टेप, सुतळी, आलेखाचे कागद
आणि कालच्या दोन दशम्या.

गेंदाबाईंच्या शेतात लोकवन गहू उभा.
मंगळवारी हार्वेस्टर ठरलाय. आज शुक्रवार.
बांधावरून सगळं एकसारखंच दिसतं,
पण विहिरीच्या कठड्यावर चढून
ऊन तिरकं असताना पाहिलं
की गव्हात रेषा उमटतात.
सरळ. काटकोनात वळणाऱ्या.
तिथला गहू बुटका राहिला, आधी पिवळा पडला,
कारण हातभर खाली मुळांना
कुणाच्या तरी भिंतीचा दगड लागला.

आजोबा खानदेशातून इंदूरला आले
ते दोन शब्द सोबत घेऊन: काळी आणि पांढरी.
काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं.
इथे नांगराने दोन्ही कालवून टाकल्या,
तरी मूठभर उचलली की कळतं.
काळी बोटं सोडत नाही.
पांढरी निसटते,
राख आहे ना तिच्यात,
कितीतरी चुलींची.

मी मोजत जाते. पाच हात रुंद, सात हात लांब.
एवढीच खोली.
शेजारी दुसरी, तिची भिंत पहिलीला टेकलेली,
म्हणजे नंतरची. मुलगा वेगळा निघाला असेल,
नाहीतर गाय घेतली असेल.
वहीत मी फक्त ‘खोली दोन’ लिहिते.
मागे एक गोल, अजून गर्द हिरवा,
माझ्या छातीपर्यंत आलेला:
उकिरड्याचा खड्डा.
सातशे वर्षं म्हणतो आम्ही, खापरांवरून,
पन्नास इकडे, पन्नास तिकडे,
आणि शेतात सगळ्यात तरारलेलं काय,
तर त्यांनी टाकून दिलेलं.

तासातून खापरं मिळतात.
एका मडक्याचा काठ,
तडा गेल्यावर भोकं पाडून दोऱ्याने सांधलेला,
त्या महिन्यात नवं घेणं जमलं नसावं.
हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.
घासून गोल केलेली एक ठिकरी.
तिला नंबर घालायच्या आत
गेंदाबाईंची नात एका पायावर उभी होती.

गेंदाबाई कठड्यावर चढल्या.
कपाळाला हात लावून पाहत राहिल्या.
“यां कूण रेतो थो, बेन?”
माहीत नाही, म्हटलं.
भिंती सापडतात, नावं नाही सापडत.
मग उगवतीकडे बोट केलं:
ती रेघ बघा, मध्येच तुटते,
तीन वितींची फट, तिथला गहू हिरवाच,
ते दार.

चाळीस वर्षं हे शेत त्यांच्या पायाखालचं.
निंदणीला, पाण्याला, रात्री रानडुकरं हाकलायला.
त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुपारी तांब्या घेऊन आल्या
त्या सरळ वाट सोडून, वळसा घालून,
त्या फटीतून.
आत येताना किंचित वाकल्या,
ठेंगण्या दाराखाली वाकतात तशा.

मंगळवारी हार्वेस्टर आला पंजाबचा,
बलकार नावाचा ड्रायव्हर, मोठ्याने गाणी लावून.
दोन तासांत खोली एक, खोली दोन, उकिरडा,
सगळं एकाच ट्रॉलीत.
माझा नकाशा एका भिंतीने अपुरा राहिला.
भुसा केसांत, वहीत, पाण्याच्या बाटलीत.

संध्याकाळी गेंदाबाई सर्वा वेचत होत्या.
आता कुठेच काही दिसत नव्हतं,
सगळीकडे सारखीच पिवळी, टोचरी धसकटं.
मी टेप गुंडाळला. बसची वेळ झाली होती,
म्हणून शेत आडवं कापत निघाले,
तर मागून हाक आली,
जरा रागावलेलीच:
“वां भींत है, बेन.”